दुपट्ट्याखालचे दोन गाळे

दादानं आयुष्यात कुणाचा सौदा मोडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी मला हेच ऐकवणार आहे. संत्र्याचा भाव पार बसला त्या सालीसुद्धा त्यानं एकाही बागवाल्याला तोंड चुकवलं नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात लोक त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या बोटांवर विश्वास ठेवत, आणि ते बरोबरच होतं, कारण शब्द तो फारसे वापरतच नसे.

आमच्याकडं बागेचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकतात आणि आत बोटं बोलतात, जितकी बोटं तेवढा भाव. एकानं बोट दाबायचं, दुसऱ्यानं नाही म्हणून सोडायचं. वर चेहरे असे कोरडे की जणू दोघं पावसापाण्याचं बोलत आहेत. समोरच्यानं बोटं मुठीत घट्ट धरली की झालं. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही, आणि आत किती बोटं होती हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मोडणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी दुपट्टा टाकत नसे.

वडील गेले तेव्हा मी लहान होतो. दादानं मला वाढवलं, मॅट्रिकपर्यंत शिकवलं, आणि माझ्या इंग्रजीचा त्याला माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. स्टेशनरोडवर वडिलांनी बांधलेले तीन गाळे होते. एकात आमची पेढी, उरलेल्या दोनांत संत्र्यांखाली अंथरायचं तणस, मोडक्या पेट्या आणि उंदरांची वस्ती. त्या दोन गाळ्यांवर माझा डोळा होता. मला तिथं फोटो स्टुडिओ टाकायचा होता.

त्या काळी पांढुर्ण्यात फोटो काढायचा तर नागपूर गाठावं लागे. लग्न ठरवायला मुलीचा फोटो हवा, की सगळं घरदार पॅसेंजरमध्ये बसून निघे, आणि नागपूरला पोचेपर्यंत मुलीच्या वेणीतला गजरा कोमेजून जाई. सौसरच्या शाळेतल्या एका मास्तरांची हौस फिटली म्हणून त्यांचा दोन भिंगांचा कॅमेरा माझ्याकडं आला होता. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. समोरच्याला वाटे, या पोराचं पोट दुखतंय. गावात कुणीच मला फोटोग्राफर समजत नव्हतं आणि त्याचा मला एकट्यालाच राग येत होता.

मग कोलंबोचं निघालं. तिथल्या एका व्यापाऱ्याला आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची, संत्री हवी होती, आणि भाव ठरवायला दादानं स्वतः यावं असा त्याचा आग्रह होता. दादाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. "तू चाल माह्यासंगं," दादा म्हणाला. "मी भाव पाह्यतो, तू बोल." कॅमेरा घेऊ का, असं विचारलं तर म्हणाला, "घे. पण आपण कामाले जाऊन राहिलो, मेळ्याले नाही."

छप्पन साल होतं. पोळा झाला, पाठोपाठ जामनदीतली गोटमार झाली, म्हणजे आम्ही आणि पलीकडच्या सावरगावनं एकमेकांना दगड मारायची दरसालची जत्रा, आणि सावरगाववाल्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या सुटायच्या आत आम्ही निघालो. नागपूर, मद्रास, मग धनुष्कोडीची बोट. दादानं बरोबर ज्वारीचं पीठ, तिखट-मीठ, स्टोव्ह आणि देवांची पितळी डबी घेतली होती. परदेशात कुणाच्या हातचं खायचं नाही, हे त्याचं ठरलेलं. मी नाव ठेवणार नाही, कारण त्याच्या सोवळ्यानंच मला कोलंबो दाखवलं.

त्याचं असं की सकाळी दादा आंघोळ, पूजा आणि पिठलं-भाकरी यांत गुंतलेला असे. तेवढा वेळ माझा. "गंध वाळायच्या आत ये बे," एवढंच तो म्हणे. कपाळावर गंध लावून तो पूजेला बसला की मी कॅमेरा घेऊन जिना उतरलोच. कोलंबोची हवा दमट, गंध लवकर वाळत नसे. पांढुर्ण्याच्या कोरड्या हवेत ही सवलत मिळाली नसती.

आम्ही उतरलो होतो ती पेटा म्हणजे जुनी बाजारपेठ. गल्ल्या अरुंद, आणि त्यात हमाल, सायकली, हातरिक्षा, तांबड्या शहाळ्यांचे ढीग, सगळे एकमेकांना ढकलत. पहिल्या दिवशी मी नुसता भांबावलो. काचेत डावं ते उजवं दिसतं, माणूस पकडायला जावं तर तो भलत्याच बाजूनं निसटतो. मग मी एक युक्ती केली. माणसांच्या मागं धावायचं सोडलं आणि एका जागी उभा राहिलो. बाजारात बसून बसून दादाकडून एवढं तरी शिकलो होतो, की गिऱ्हाईक येतंच.

आणि आले की! ट्रामचा कंडक्टर थांब्यावर खिडकीच्या काचेत बघून भांग पाडत होता, आतली बाई त्याच्याकडं रागानं बघत होती. दोन कारकुनांनी एकच वर्तमानपत्र धरलं होतं, एक पुढचं पान वाचतोय, दुसरा मागचं, आणि दोघांनाही उलटायची घाई. त्या वर्षी तिथंही भाषेवरून भांडणं पेटली होती, इंग्रजी पाट्या उतरून सिंहली चढत होत्या. एक माणूस नव्या अक्षरांची ओली पाटी डोक्यावर घेऊन चालला होता, रंग पुसू नये म्हणून अक्षरं आभाळाकडं करून. ती पाटी काय म्हणते हे रस्त्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. त्याचा फोटो मी काढला. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही झाला नाही.

दिवसा मी दादाचं तोंड होतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर दादा माझ्या शेजारी बसे, माझ्या हातावर दुपट्टा टाके, आत बोटं दाबून मला भाव सांगे आणि मी तो इंग्रजीत बोलून दाखवी. व्यापाऱ्याला हसू आवरत नसे. "तुमच्या भावाला सांगा, इथं तुमची भाषा कुणालाच कळत नाही, खुशाल मोठ्यानं बोला," असं तो एकदा म्हणाला. मी ते दादाला सांगितलं. "भाव तोंडातून निंगाला का त्याची अब्रू गेली," दादा म्हणाला. हे काही मी इंग्रजीत सांगितलं नाही.

फिल्म धुवायला मी एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडं टाकत असे. जाडजूड, सतत घाम पुसणारा माणूस. पहिले फोटो त्यानं नुसते हातात ठेवले. दुसऱ्या खेपेला त्यानं मला बाकावर बसवलं, पाटीवाल्या माणसाचा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि विचारलं, धंदा काय करता? संत्री, मी म्हणालो. तो म्हणाला, संत्री विकायला पुष्कळ लोक आहेत. मग म्हणाला, त्याचे दोन्ही मुलगे विलायतेला गेले, स्टुडिओत कुणी नाही. राहायला वरची खोली आहे. राहता का? कागदपत्रांचं तो बघणार होता.

मी त्या दिवशी गंध वाळून गेल्यावर परतलो. दादा पाटावर बसून वाट बघत होता, भाकरी निवून गेली होती. त्यानं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी अर्धी भाकर तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याशी सगळं पक्कं झालं. वहिनीला दाखवायला दोघा भावांचा एक फोटो असावा म्हणून मी पेढीच्या कारकुनाच्या हातात कॅमेरा दिला. ओसरीवरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. कारकुनाला ती उलटी काच काही जमेना. आम्हाला मधोमध आणायला तो डावीकडं सरके आणि आम्ही निसटत असू. तेवढ्या वेळात मी दादाला सगळं सांगून टाकलं. समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं.

दादानंही नजर समोरच ठेवली. मग म्हणाला, "तुले इथं राहाचं हाय?"

"नाही राहायचं," मी म्हणालो. "पण तिथं येऊन मी काय करू? जन्मभर तुझी पत्रं लिहू? मला ते दोन गाळे दे. दिवाळीपासून. मग मी येतो."

दादानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. मला वाटलं घाम पुसतोय. त्यानं तो आमच्या हातांवर टाकला आणि आत माझ्या तळव्यावर एक बोट दाबलं. एक गाळा. मी ते सोडून दिलं आणि दोन बोटं पुढं केली. दादाचा हात थांबला. समोर कारकून अजून सरकतच होता. मग दादानं माझी दोन्ही बोटं मुठीत धरली आणि घट्ट आवळली. त्याच क्षणी खटका वाजला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस दादा माझ्या हातावर दुपट्टा टाकत होता, पण ते दुसऱ्याला भाव सांगायला. त्यानं मला पहिल्यांदा व्यापारी समजून सौदा केला होता. मी त्याच संध्याकाळी स्टुडिओवाल्याकडं गेलो, शेवटचा रोल दिला आणि येत नाही म्हणून सांगितलं. माझ्या भावानं मला गावात जागा दिली, असंही सांगितलं. म्हातारा म्हणाला, मग तुम्ही नशीबवान आहात. रोल धुऊन फोटो पोस्टानं पाठवतो म्हणाला, पैसे घेतले नाहीत.

परतताना आम्ही नागपुरात आमच्या अडत्याकडं उतरलो. आमचा माल वर्षानुवर्षं तोच विकायचा, त्याच्या घरी आमचं जाणंयेणं मुलीच्या सासरसारखं. राज्यांची वाटणी ठरलीच होती, अंमल तेवढा दिवाळीच्या आठवड्यात व्हायचा होता. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि सौसर-पांढुर्णा जिथल्या तिथं, मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळला. नागपूरची राजधानी गेली म्हणून अडत्या हळहळत होता. त्याचं सगळं ऐकून घेऊन दादानं विचारलं, "आन आमचं काय?"

"तुमचं काय मंजे?" अडत्या म्हणाला. "तुम्ही तं घरचेच आहा. कागदावर कोठीही असा."

दादानं पुढं आलेला चहा घेतला नाही. गाडीत बसल्यावर मात्र त्याचं तोंड सुटलं. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. भोपाळला कोण आपलं ऐकणार, शाळेत पोरांना काय शिकवणार, इथपासून सुरू झाला तो थांबेचना. पांढुर्ण्याअलीकडचं तिगाव मागं पडलं तरी तो तेच घोकत होता. "घरचे म्हून इचारलंच नाही कोणी. परके असतो तं इचारलं असतं! परक्याले तरी लोक मान देतेत." त्याचा आवाज भरून आला होता. मला त्याची फार दया आली, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात आठवला की आज मला माझाच राग येतो.

घरी आल्या आल्या मी गाळ्यांना हात घातला. तणस काढलं, उंदरांना नोटीस दिली, भिंतींना चुना मारला. मागच्या गाळ्याची खिडकी काळ्या कापडानं बंद करून अंधारी खोली केली. दादा येताजाता बघत होता. एकदा तर म्हणाला, "उजवीकडची भिंत ओली हाय, पाह्य." म्हणजे त्याला माहीत होतं. काय चाललंय, कशासाठी चाललंय, सगळं माहीत होतं. त्याला काही कळलंच नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं त्या ओल्या भिंतीचं काय ते सांगावं.

त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आलं. पाडव्याला वहिनीचा भाऊ सावनेरहून आला. त्याचा गुरांच्या सरकी-ढेपेचा धंदा. सावनेर आता पलीकडच्या राज्यात गेलं, इकडची गिऱ्हाइकं तुटतील म्हणून त्याला अलीकडं दुकान हवं होतं. फराळ झाल्यावर दादानं त्याला गाळे दाखवायला नेलं. मी मागोमाग गेलो. दादाच्या या मेहुण्यानं माझं काळं कापड खसकन ओढलं आणि म्हणाला, "उजेड चांगला हाय इथं."

मी दादाकडं बघितलं. दादा भिंतीकडं बघत होता. चुना कोरा होता, त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दादा, हे गाळे तू मला दिलेत," मी म्हणालो.

"कवा?"

"कोलंबोला. दुपट्टा टाकून."

दादा हसला. वाईट हसला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो लहान मुलाकडं बघून हसावं तसा हसला. "अबे लहान्या, भावाभावात कोणी सौदा करते काय? घर एक, चूल एक. दुपट्टा परक्यासाठी असते. तू तिथं राहाचं म्हणून राहिला होता, तुले घरी आणाले टाकला म्या. आता आला ना घरी?"

मेहुणा पाडव्याचं पान चघळत ऐकत होता. माझ्या तोंडाला पानं पुसली जात असताना पान खाणारा माणूस शेजारी असावा, हेही माझ्याच नशिबी. मी काळं कापड उचलून त्याची घडी घालू लागलो. बोललो असतो तर रडलो असतो, आणि मेहुण्यासमोर रडायचं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मी सौसरला गेलो. तिथं एक म्हातारे दलाल होते, दुपट्ट्याच्या सौद्यात वाद झाला की त्यांचा शब्द शेवटचा. मी नाव न घेता विचारलं, की एकानं दुपट्टा टाकून, मूठ आवळून, नंतर नाही म्हटलं तर? म्हातारबांनी चिलीम बाजूला ठेवली. "कोण हाय थो? त्याले बाजारात बसू देऊ नका."

"माझा भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी चिलीम परत उचलली. "मंग सौदा कायचा? घरातल्या घरात दुपट्टा मंजे खेळ होय, बाबू. हे कोणालेही माहीत हाय."

"आणि मी परका असतो तर?"

"तं त्याले द्याच लागलं असतं," ते म्हणाले. "पोटाले चिमटा घेऊन दिलं असतं त्यानं. तुझा भाऊ काई लबाड मानूस नोहे."

बैलगाडीनं परत येताना मला रडू आलं, आणि गाडीवाल्यानं विचारलं तर डोळ्यांत धूळ गेली म्हणालो. लबाड माणसानं फसवलं असतं तर मी त्याच्या नावानं बोटं मोडली असती. इथं सगळा बाजार मला सांगत होता की कुणी फसवलंच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसानं गळा कापला तरी कापणारा म्हणणार, अरे, मी तर केस विंचरत होतो.

गाळ्यांत ढेपेची पोती आली. मी पेढीवर खाली मान घालून कोलंबोची इंग्रजी पत्रं लिहू लागलो. कागदपत्रांची मुदत उलटली होती, परत जायचं म्हटलं तरी जाता येत नव्हतं, आणि कोणत्या तोंडानं जाणार? म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याला मी सांगून आलो होतो, माझ्या भावानं मला जागा दिली.

थंडी पडल्यावर त्याचं पाकीट आलं. शेवटच्या रोलचे फोटो. शेवटचा आम्हा दोघांचा. कारकुनाला अखेर आम्ही मधोमध सापडलो होतो. दादा सरळ बसलेला, चेहरा सौद्याचा, कोरडा. माझा चेहरा मला बघवेना, इतका आनंद त्यावर होता. आणि मध्ये, दोघांच्या हातांवर, दुपट्टा. आत काय होतं ते कुणाच्या बापाला दिसलं नसतं. सगळ्या पेठेची माणसं मी काचेत धरली होती आणि मला हवी होती ती मूठ तेवढी कापडाआड राहिली होती.

मी तो फोटो दादासमोर ठेवला. मला वाटलं, आता तरी. त्यानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चांगला आला," तो म्हणाला. "दुपट्टा नवाच होता तवा." आणि त्याच दिवशी चौकटीत घालून पेढीत गादीच्या वर लावला.

मग तो फोटो गावाचा झाला. येईल तो बागवाला मान वर करून बघे. "कोलंबोचा सौदा काय?" असं विचारी, आणि दादा म्हणे, "हाव, कोलंबोचा." खोटं तर नव्हतंच. एके दिवशी पेढी भरलेली होती. मृगाच्या बहाराचे सौदे चालले होते, मेहुणाही येऊन बसला होता. एका बागवाल्यानं थट्टेनं विचारलं, "अन् आत किती बोटं होती, शेठ?"

दादा गंभीर झाला. "थे दुपट्ट्याखालचं असते," तो म्हणाला. "सांगत नसतेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पत्र लिहीत होतो. लेखणी खाली ठेवली.

"दोन," मी म्हणालो.

मोठ्यानं म्हणालो. त्या पेढीत आजवर कुणी कधी आकडा तोंडानं बोललं नव्हतं. बागवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग दादाकडं. एकाच्या हातावर दादानं नुकताच दुपट्टा टाकला होता, त्यानं आपला हात हळूच काढून घेतला. दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याला आता कळलं होतं की जो सौदा नव्हताच असं तो म्हणाला त्याची गुपितं मात्र तो सौद्यासारखीच सांभाळत आला होता, आणि हे मला दिसलं होतं.

कुणी चहा मागवला, कुणी पावसाचं काढलं. दादा त्या दिवशी एकही सौदा करू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढीवर आलो तेव्हा गादीच्या वर नुसता खिळा होता. फोटो कुठं गेला ते मी विचारलं नाही. गाळे काही मला मिळाले नाहीत. पण ज्यानं सौदा मोडला त्याच्या हातावर टाकत नाहीत, तसा त्यानंतर दादानं माझ्या हातावर कधी दुपट्टा टाकला नाही.